गौर बसण्यापूर्वी
मैत्रिणींनो, चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाची वर्दळ असते. म्हणून पन्ह्याच्या भांड्यावरची क्रोशाची जाळी फाल्गुनातच विणायला घ्या. दोरा सुती, पक्क्या रंगाचा घ्यावा. कडेला मणी ओवलेत, की त्यांच्या वजनानं जाळी वाऱ्यावर उडत नाही. मोगऱ्याचे वाळके शेंडे राहिले असतील तर तेही छाटा. कळ्या नव्या फुटीवर धरतात.

ही कामं आधी उरकायची ती नणंदेसाठी हं! चार दिवस माहेरी आलेलीला लगेच डाळ वाटायला बसवू नका. दोघींनी निवांत बसून गजरे ओवावेत, मनातलं बोलावं. आपणही आपल्या माहेरी कुणाची तरी नणंदच असतो, नाही का?