शरीराचे निरोपे

मैत्रिणींनो, फ्लूचा ताप आला की अंग मोडून येतं, हुडहुडी भरते, समोरचं ताट नकोसं होतं. आपण सगळा दोष त्या विषाणूला देतो. खरं म्हणजे यातला पुष्कळसा त्रास आपल्याच शरीराने काढलेला असतो, बरं का! विषाणू शिरलेली पेशी काही प्रथिने बाहेर सोडते आणि ती शेजारणींना निरोप देतात, "दारं लावून घ्या, घरात चोर शिरलाय." अशा निरोप्या प्रथिनांना शास्त्रज्ञ सायटोकाईन म्हणतात, आणि त्यांतल्या काहींनी कॅन्सरच्या उपचारात स्थान मिळवले आहे.

पहिला निरोप्या सापडला तो कोंबडीच्या अंड्यात. १९५७ साली लंडनमधील मिल हिलच्या संशोधन संस्थेत आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी, पिल्लू वाढत असलेल्या अंड्यातल्या पडद्यावर निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू टाकला. त्या पडद्यातून जे द्रव्य सुटले त्याने दुसऱ्या, ताज्या पडद्याचे विषाणूपासून रक्षण केले. त्याचे नाव इंटरफेरॉन. पुढे कळले, की ते कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखू शकते, आणि लपून राहिलेल्या पेशी पहारेकरी पेशींना ओळखू येतील असेही करते.

मग काय, आशा आभाळाला भिडल्या! फिनलंडमध्ये कारी कान्टेल दान केलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून थेंब थेंब इंटरफेरॉन मिळवत होते. १९८० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले, आणि त्याच वर्षी झुरिकच्या वाइसमन यांनी जंतूंकडून ते तयार करवून घेतल्याचे जाहीर केले. १९८६ साली अमेरिकेत रक्ताच्या एका विरळ कॅन्सरवर त्याला मान्यता मिळाली. पण बऱ्याच गाठी बधल्या नाहीत, आणि रोग्याला आठवडेच्या आठवडे फ्लू झाल्यासारखे वाटे, मन खचे. दुसरा निरोप्या, इंटरल्युकिन-२, अमेरिकेत १९९२ पासून मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरवर दिला जाऊ लागला. त्याने थोड्याच रोग्यांना गुण आला, पण त्यांतल्या काहींचा आजार वर्षानुवर्षे परतला नाही. मोठ्या मात्रेत रक्तदाब इतका उतरे की ते रुग्णालयातच, डोळ्यांत तेल घालून द्यावे लागे.

हे एवढ्यासाठी सांगते, की 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून चूर्णांच्या पुड्या घरोघर येतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंना तर विक्रेत्याने, "हे घ्या आणि केमो सोडा," असे सांगितले. ऐकूनच माझा संताप झाला! निरोप वाढला म्हणजे बळ वाढले असे नसते; तो योग्य जागी, मोजून पोचावा लागतो.

तसा तो पोचतो त्याचे उत्तम उदाहरण आपल्या दंडावरच आहे. क्षयाची बीसीजी लस! १९७६ मध्ये कॅनडाच्या मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडून तिथल्या कॅन्सरवर गुण येतो हे दाखवले, आणि वरच्या थरात असलेल्या कॅन्सरवर ती आजही वापरतात. नळीने मूत्राशयात सोडायची, साधारण दोन तास ठेवायची, असे सहसा आठवड्याला एकदा, सहा वेळा. तिथल्या पेशी निरोपे सोडतात आणि पहारेकरी गोळा होतात.

घरात कुणाची ही चिकित्सा चालू असेल तर लक्षात ठेवा, लसीतले जंतू जिवंत असतात. पहिले सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी. नंतर संडासात लघवीइतकेच ब्लीचचे द्रावण ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे. खिडकी उघडी असू द्या. थोडी जळजळ, कणकण येईल. मात्र ताप १०१ च्या वर गेला, किंवा एका दिवसात उतरला नाही, तर घरच्या गोळीवर वेळ काढू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. थर्मामीटर आणि एक छोटी वही उशाशी ठेवा. तारीख, वेळ आणि ताप लिहून ठेवला की डॉक्टरांना सांगताना गोंधळ होत नाही.