विश्लेषण : संघ नेमका कोण चालवतो – डगआऊट की कार्यालय? एंजल्सचे चाहते अजून कशावरून भांडतात?

माइक ट्राउट हा या पिढीतील सर्वोत्तम बेसबॉलपटूंपैकी एक. तीन वेळा अमेरिकन लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरलेला. २०११ पासून तो लॉस एंजलिस एंजल्स या एकाच संघाकडून खेळतो आहे. एवढ्या वर्षांत तो बाद फेरीचे किती सामने खेळला? फक्त तीन. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने एंजल्सला सलग तीन सामन्यांत गारद केले. त्यानंतर २०२५ चा हंगाम संपला तरी हा संघ बाद फेरीत पोहोचलेला नाही. असे का झाले, यावर एंजल्सचे चाहते बोलू लागले की चर्चा हमखास एका तारखेवर येते : १ जुलै २०१५. त्या दिवशी संघाचे जनरल मॅनेजर जेरी डिपोटो यांनी हंगाम अर्ध्यावर असताना राजीनामा दिला. मॅनेजर माइक सोशा यांच्याशी त्यांचे पटत नव्हते आणि मालकाने सोशा यांना हात लावला नाही. बरोबर कोण होते, यावर चाहत्यांचे आजही दोन तट आहेत. मात्र दोन्ही तटांचा रोख चुकीच्या माणसावर आहे.

दोन ‘मॅनेजर’ कशासाठी?

बेसबॉलमध्ये मॅनेजर हा मैदानावरचा प्रमुख. खेळाडूंसारखाच गणवेश घालून तो डगआऊटमध्ये बसतो. कोण खेळणार, फलंदाजीचा क्रम काय, पिचर कधी बदलायचा हे तो ठरवतो. क्रिकेटमध्ये कर्णधार जे निर्णय घेतो, त्यातले बरेचसे इथे मॅनेजरकडे असतात. जनरल मॅनेजर वेगळा. खेळाडूंची अदलाबदल, करार, नवोदितांची निवड, पगाराचा हिशेब हे त्याचे खाते. स्काउट आणि आकडेवारीचे विश्लेषक त्याच्या हाताखाली काम करतात. या सगळ्या मंडळींना मिळून ‘फ्रंट ऑफिस’ म्हणतात.

आपल्याकडच्या वाचकाने निवड समिती आणि कर्णधार अशी जोडी डोळ्यांसमोर आणावी. फरक एवढाच की, ही निवड समिती संघ निवडून थांबत नाही. हंगामात १६२ सामने असतात आणि बहुतेक सामन्यांआधी तिच्याकडून कागद येतो. अमुक फलंदाजासाठी क्षेत्ररक्षक इकडे सरकवा, तमुक पिचरला तिसऱ्यांदा त्याच फलंदाजांसमोर उभे करू नका. हा कागद सल्ला आहे की हुकूम, या प्रश्नावर ठिणगी पडते.

मॅनेजर आणि वरच्या मंडळींचे भांडण तसे जुनेच. न्यूयॉर्क यँकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी बिली मार्टिन यांना पाच वेळा मॅनेजर म्हणून आणले आणि पाचही वेळा त्यांना जावे लागले. भांडण मुळातच नको असेल, तर कॉनी मॅक यांचा मार्ग उत्तम. ते १९०१ ते १९५० अशी ५० वर्षे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे मॅनेजर होते आणि संघाच्या मालकीतही त्यांचा वाटा होता. त्यांना काढणार कोण?

सोशा एवढे बलवान कसे झाले?

सोशा २००० मध्ये एंजल्सचे मॅनेजर झाले आणि तिसऱ्याच हंगामात, २००२ मध्ये, त्यांनी संघाला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. एंजल्सच्या इतिहासातले ते पहिले आणि आजवरचे एकमेव विजेतेपद. त्यानंतर वर्षभरात आर्टे मोरेनो यांनी हा संघ डिस्नेकडून विकत घेतला. सोशा त्यांचे लाडके. २००९ मध्ये त्यांचा करार थेट २०१८ पर्यंत वाढवण्यात आला.

बेसबॉलमध्ये मॅनेजरला दोन-तीन वर्षांचा करार मिळणे ही नेहमीची गोष्ट. इथे मॅनेजरची नोकरी दशकभर पक्की आणि त्याचा कागदोपत्री वरिष्ठ असलेला जनरल मॅनेजर मात्र बदलता. सोशा यांच्या १९ हंगामांत चार जण त्या खुर्चीवर येऊन गेले. डिपोटो २०११ च्या अखेरीस आले, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या माणसाचा करार अजून सात हंगाम चालणार होता. असा साहेब आणि असा हाताखालचा माणूस कोणत्याही कचेरीत आणून बसवा, तिथेही वेगळे काही होणार नाही.

नापोलीचे नाव अजून का निघते?

सोशाविरोधी चाहत्यांशी बोलताना पाच मिनिटांत माइक नापोलीचे नाव येते. नापोली हा एंजल्सचा कॅचर. फटकेबाजीत दमदार, पण कॅचर म्हणून सोशा यांच्या पसंतीस न उतरलेला. सोशा स्वतः लॉस एंजलिस डॉजर्सचे नावाजलेले कॅचर. पिचरला सांभाळणे, चेंडू अडवणे ही कामे त्यांना फलंदाजीपेक्षा मोलाची वाटत. त्यामुळे त्यांचा कल जेफ मॅथिसकडे असे.

जानेवारी २०११ मध्ये एंजल्सने नापोलीला टोरंटोला दिले आणि बदल्यात व्हर्नन वेल्स हा महागडा खेळाडू घेतला. टोरंटोने काही दिवसांतच नापोलीला टेक्सास रेंजर्सकडे धाडले. रेंजर्स म्हणजे एंजल्सच्याच गटातला प्रतिस्पर्धी! त्या वर्षी नापोलीची सरासरी ०.३२० राहिली, त्याने ३० होम रन मारले आणि रेंजर्स वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. इकडे वेल्सची सरासरी ०.२१८ होती, तर मॅथिसची ०.१७४. गटात एंजल्स रेंजर्सच्या १० सामने मागे राहिले.

हा व्यवहार कागदोपत्री तेव्हाचे जनरल मॅनेजर टोनी रीगिन्स यांचा. हंगाम संपताच त्यांचे पद गेले. नापोली नकोसा झाला तो सोशा यांना, असे मानणाऱ्या चाहत्यांचे म्हणणे सोपे आहे : आवड-निवड मॅनेजरची, नोकरी गेली कार्यालयातल्या माणसाची. सोशा यांचे समर्थक यावर २००२ चे विजेतेपद पुढे करतात. ते खरेच, पण जुने विजेतेपद हे नव्या चुकीचे उत्तर होत नाही.

२०१५ च्या जूनमध्ये काय बिनसले?

ठिणगी त्याआधीच पडली होती. डिसेंबर २०११ मध्ये एंजल्सने अल्बर्ट पुहोल्सशी १० वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या एप्रिलमध्ये महिनाभर त्याला एकही होम रन मारता आला नाही. मे २०१२ मध्ये डिपोटो यांनी फलंदाजी प्रशिक्षक मिकी हॅचर यांना काढले. हॅचर हे सोशा यांचे डॉजर्समधले जुने सहकारी आणि पहिल्या दिवसापासूनचे साथीदार. मॅनेजरला काढता येत नाही म्हणून त्याच्या उजव्या हाताला काढले, असा त्याचा अर्थ घेतला गेला आणि तो फारसा चुकीचाही नव्हता.

२०१४ मध्ये ९८ विजय मिळाले. त्या हंगामात एवढे सामने दुसऱ्या कोणत्याही संघाने जिंकले नाहीत. त्यामुळे धुसफुस झाकली गेली. जून २०१५ च्या अखेरीस ती उघड्यावर आली. फ्रंट ऑफिस तयार करत असलेली माहिती प्रशिक्षक खेळाडूंपर्यंत पुरेशी पोहोचवत नाहीत, अशी डिपोटो यांची तक्रार होती. त्यांनी आधी प्रशिक्षकांसमोर आणि मग खेळाडूंसमोर हा विषय काढला. त्या बैठकांत खटके उडाले आणि पुहोल्सने डिपोटो यांना सुनावले, अशा बातम्या आल्या. मोरेनो सोशा यांच्या पाठीशी राहिले. डिपोटो गेले. त्यांच्या जागी हंगामापुरते बिल स्टोनमन आले, म्हणजे २००२ च्या विजेतेपदाच्या वेळचेच जनरल मॅनेजर. त्या हंगामात एंजल्स बाद फेरीच्या शेवटच्या जागेपासून अवघा एक विजय मागे राहिले.

मग बरोबर कोण?

सोशा यांचे समर्थक हे भांडण ‘मैदान विरुद्ध संगणक’ असे रंगवतात. ‘मनीबॉल’ चित्रपट पाहिलेल्यांनाही ते तसेच वाटेल. त्यात ब्रॅड पिटने रंगवलेले जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्यांचे न ऐकणारे मॅनेजर आर्ट हाउ असा सामना आहे. (हाउ यांना स्वतःचे ते चित्रण अजिबात आवडले नव्हते. २००२ मध्ये त्यांच्या संघाने १०३ सामने जिंकले होते, हे पाहता त्यांचा राग समजण्यासारखा आहे.) एंजल्सच्या बाबतीत मात्र ही मांडणी टिकत नाही. डिपोटो हे काही थेट कॉलेजातून आलेले आकडेमोडे नव्हते. ते स्वतः मेजर लीगमध्ये पिचर होते. म्हणजे हा वाद एका माजी पिचरचा आणि एका माजी कॅचरचा होता.

मुद्द्यापुरते बोलायचे तर डिपोटो यांचे म्हणणे रास्त होते. संघ पैसे खर्च करून माहिती गोळा करणार आणि ती प्रशिक्षकांच्या टेबलावर पडून राहणार, याचे समर्थन करता येत नाही. क्षेत्ररक्षकाला कुठे उभे करायचे हे त्या काळात बहुतेक संघ आकडे पाहून ठरवू लागले होते. पण मॅनेजरच्या अधिकारातला विषय थेट त्याच्या खेळाडूंसमोर काढला, तर ऐकणारे कोणाची बाजू घेणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. डिपोटो तिथे फसले.

मात्र दोघांपेक्षा मोठा दोष मोरेनो यांचा. एका म्यानात दोन तलवारी त्यांनीच ठेवल्या. निकालाची जबाबदारी जनरल मॅनेजरवर टाकली आणि मॅनेजर बदलण्याचा अधिकार स्वतःच्या खिशात ठेवला. भांडण झाले की दोघेही मालकाकडे जाणार आणि मालकाला जो जवळचा तो जिंकणार. अशा घरात कोणाची पद्धत चांगली याची परीक्षाच होत नाही. चाहत्यांना ‘सोशा की डिपोटो’ हा प्रश्न दहा वर्षे पुरला, कारण दोघांपैकी एकालाही आपल्या पद्धतीने संघ चालवून दाखवता आला नाही.

दोघांचे पटले असते तर?

तरी चाहते शांत बसतातच असे नाही. टॅम्पा बे रेज या संघात मॅनेजर केव्हिन कॅश आणि फ्रंट ऑफिस यांचा सूर नेहमीच जुळलेला. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. रेज १-० ने पुढे. पिचर ब्लेक स्नेलने एकही धाव दिलेली नव्हती, नऊ फलंदाज स्ट्राइकआऊट केले होते आणि चेंडू टाकले होते जेमतेम ७३. सहाव्या डावात त्याने दुसरा हिट दिला आणि कॅश यांनी त्याला बाहेर काढले. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की पिचर महाग पडतो, हा आकडेवारीचा धडा. डॉजर्सने लगेच आघाडी घेतली, सामना ३-१ ने जिंकला आणि विजेतेपदही. कॅश यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. रेजच्या चाहत्यांच्या मनातून तो निर्णय अजून उतरलेला नाही. पण तिथे भांडण एका निर्णयावर होते, संघ कोणाचा यावर नव्हते. रेज पुढच्याच हंगामात १०० सामने जिंकले, तेही कॅश यांच्याच हाताखाली.

सोशा गेल्यावर एंजल्समध्ये काय बदलले?

सोशा २०१८ च्या अखेरीस करार पूर्ण करूनच गेले. नावावर १,६५० विजय. नंतर एक हंगाम ब्रॅड ऑस्मस आणि मग जो मॅडन. मॅडन हे २००२ च्या विजेत्या संघात सोशा यांचे सहायक. पुढे टॅम्पा बेला २००८ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत नेणारे, शिकागो कब्जची १०८ वर्षांची प्रतीक्षा २०१६ मध्ये संपवणारे. आकडेवारीशी मैत्री असलेला मॅनेजर अशी त्यांची ख्याती. एंजल्सला हवा होता तो हाच, असे वाटावे. जून २०२२ मध्ये सलग १२ पराभवांनंतर त्यांना काढण्यात आले. त्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मैदानावरच्या कामात फ्रंट ऑफिसची ढवळाढवळ वाढल्याची तक्रार केली. आकडे नाकारणारा मॅनेजर असो वा स्वीकारणारा, तक्रार तीच राहिली.

या काळात एंजल्सकडे शोहेई ओहतानीही होता. २०१८ ते २०२३ या सहा हंगामांत ट्राउट आणि ओहतानी एकाच संघात असूनही, एंजल्सला एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवता आले नाहीत.

डिपोटो सिएटल मॅरिनर्सकडे गेले. तिथे त्यांनी मॅनेजर म्हणून निवडले ते एंजल्सच्या कार्यालयातले आपले सहकारी स्कॉट सर्व्हेस यांना. या वेळी मॅनेजर त्यांच्या पसंतीचा होता आणि त्याला काढण्याचा अधिकारही हाती होता. २०२२ मध्ये मॅरिनर्स २१ वर्षांनी बाद फेरीत पोहोचले. ऑगस्ट २०२४ मध्ये डिपोटो यांनी सर्व्हेस यांना काढले आणि सर्व्हेस यांना अधिकृतपणे कळण्याआधीच ती बातमी माध्यमांत फुटली. त्याबद्दल डिपोटो यांच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण तिथे निर्णय कोणाचा, हे शोधायला चाहत्यांना दहा वर्षे लागली नाहीत. २०२५ मध्ये मॅरिनर्स वर्ल्ड सिरीजपासून एका विजयाइतके दूर राहिले.

एंजल्सने त्याच ऑक्टोबरमध्ये नवा मॅनेजर नेमला : कर्ट सुझुकी, सोशा यांच्यासारखेच माजी कॅचर. मालक अजूनही मोरेनोच. सुझुकी यांना मिळालेला करार एका वर्षाचा आहे.