परत आलेल्याचं नाव कुठं शोधायचं?

कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत 1,420 थडगी आहेत. सगळ्यात उंच जागी एक स्मारक आहे. तिथं कुणी पुरलेलं नाही. ज्या 917 हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला गेला, त्यांची नावं तिथं कोरली आहेत. देह नाही, राख नाही, पण नाव आहे.

त्या भागात पोस्टिंगला असताना माझ्याबरोबर सातारा जिल्ह्यातला एक हवालदार तिथं आला होता. बोट फिरवत त्याने सगळी नावं वाचली आणि विचारलं, "साहेब, आमच्या आजोबांचं नाव नाही इथं?" आजोबा चौथ्या मराठा बटालियनचे. मार्च 1944 मध्ये सांगशाकला जपान्यांशी लढलेले. मी म्हणालो, "अहो, ते जिवंत घरी आले म्हणून नाही." उत्तर बरोबर होतं, पण देताना शरम वाटली.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून आजोबांचा माग काढायचं ठरवलं. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं की ते 1946 ला सुटून आले आणि सत्तरच्या दशकात गेले. डिस्चार्ज बुक घर पडलं तेव्हा भिजून गेलेलं. वर्तमानपत्रात निधनवार्ता असण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हा अधिकाऱ्यांच्या निधनाची चौकट छापून येते, कारण घरचे पैसे भरतात. गावात शिपाईगडी गेला की सांगावा जातो, तो कुठं छापला जात नाही. ओढ्याकाठच्या स्मशानात वही नसते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकात नोंद सापडली: नाव, तारीख, कारण 'ताप'. सैनिक होता, याचा उल्लेख नाही.

मग पलटणीकडची कागदपत्रं. एका अभिलेख कार्यालयाचं उत्तर दोन ओळींचं आलं: ठेवण्याची मुदत संपल्याने कागद नष्ट केले आहेत. हे नियमाला धरूनच आहे. पेन्शन न मिळणाऱ्या सैनिकाची सेवेची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करता येतात. आणि महायुद्धासाठी भरती होऊन, युद्ध संपताच घरी पाठवलेल्या बहुतेकांना पेन्शन नव्हतीच. म्हणजे माणसाला गावाने जाळलं आणि त्याच्या नोकरीला आपण जाळलं.

शेवटी नोंद मिळाली ती नाशिकला, तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत. अस्थी घेऊन गेलेल्या मुलाने वडिलांच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं, 'पलटणीत होते.' एका पुरोहिताच्या घराण्याने जे जपलं, ते भारतीय सैन्याला जपता आलं नाही.

यावर मेसमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं. "आपल्यात थडगी नसतात, मग नोंदी कुठून असणार?" मला हा युक्तिवाद मान्य नाही. कोहिमाचं ते स्मारकच तो खोडून काढतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले माणगावजवळचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत पडले. त्यांचंही थडगं नाही, पण नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. नाव टिकायला दगडाखाली देह लागत नाही. ते टिकवायचं असं कुणीतरी ठरवावं लागतं.

आणि आपण काय ठरवलं? युद्धात पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ आयोग आहे. त्याची दुसऱ्या महायुद्धाची मुदत 31 डिसेंबर 1947 ला संपते. त्यानंतरच्या हुतात्म्यांसाठी 2019 पासून दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. दोन्ही योग्यच. पण जो लढला, परत आला आणि शेतात राबून म्हातारपणी गेला, तो या दोन्हीत बसत नाही. दुसऱ्या महायुद्धात आपलं सैन्य 25 लाखांच्या घरात गेलं होतं. त्यातले बहुसंख्य असेच परतलेले.

हे फक्त भावनेचंही नाही. महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारं मदत देतात, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिला प्रश्न कागदाचा. कागद आपणच जाळायचा आणि पुन्हा म्हातारीला तोच मागायचा, याला काय म्हणावं?

उपाय अवघड नाही. कागद नष्ट झाले तरी लाँग रोल ठेवलेला असतो: नंबर, नाव, भरती, सुटल्याची तारीख. 1947 पूर्वीचे लाँग रोल स्कॅन करा, गावानुसार शोधता येतील असे लोकांपुढे ठेवा. त्यात गुपित काही उरलेलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर पंजाबात गावोगावच्या सैनिकांची नोंदपुस्तकं केली गेली होती, सुमारे 3,20,000 जणांची. ती लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. 2021 पासून ती इंटरनेटवर येऊ लागली, तसे तिथले नातू आपले आजे-पणजे शोधू लागले. हे काम ब्रिटनमधल्या पंजाब्यांनी आणि एका विद्यापीठाने केलं. आपल्याकडे कुणाची वाट पाहायची?

दुसरं, मृत्यूच्या नोंदीत 'माजी सैनिक' एवढे दोन शब्द लिहिण्याची सोय करा. ग्रामसेवकाला त्यासाठी अर्धं मिनिट लागेल.

आणि वाचणाऱ्यांनो, घरात डिस्चार्ज बुक असेल तर आजच ट्रंकेतून काढा. प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि चार घरी पाठवून ठेवा. सरकार जागं होईल तेव्हा होईल. वाळवी तोवर थांबत नाही.