शब्दांच्या वाटा : वॉज, वेअर आणि वस्तीची गाडी

सुट्टीत सहावीतली भाची आली होती. इंग्रजीचं पुस्तक उघडून म्हणाली, "मावशी, एक असला की 'वॉज' आणि अनेक असले की 'वेअर'. मधल्या स-चा र कुठून झाला गं?" शाळेत उत्तर मिळालं होतं, पाठ कर. माझ्या वेळीही तेच मिळालं होतं.

कारण आहे, आणि ते सापडायला वेदांचे उच्चार कामी आले.

इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश यांची एक आई होती, आदिजर्मानिक. तिची पुस्तकं नाहीत. लेकींचे शब्द शेजारी ठेवून अभ्यासक तिचे शब्द जुळवतात आणि असा जुळवलेला शब्द ओळखू यावा म्हणून आधी चांदणी काढतात. 'असणे'साठी तिचं एक क्रियापद होतं *वेसनँ. 'होता' म्हणजे *वस, 'होते' म्हणजे *वेझुन. या झ-चा पुढे इंग्रजीत र झाला. पण मुळात स-चा झ का?

कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1875 साली याचं उत्तर दिलं. संस्कृतातलं 'वस्' हे याच क्रियापदाचं भावंड. 'उवास' म्हणजे तो राहिला, 'ऊषुः' म्हणजे ते राहिले. वैदिक उच्चारात एकवचनी आघात धातूवर, अनेकवचनी प्रत्ययावर. आदिजर्मानिकमध्येही आधी तसंच होतं. लगेच आधीच्या स्वरावर आघात नसला की स मऊ होऊन झ व्हायचा. नंतर सगळे आघात शब्दाच्या सुरुवातीला सरकले. कारण पुसलं गेलं, खूण राहिली. जर्मनने दोन्हीकडे र करून टाकला, तरी 'गेवेझन'मध्ये जुना स झ-सारखा ऐकू येतोच.

(इंग्रजी संस्कृतातून निघाली असा मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. दोघी एकाच जुन्या घराण्यातल्या, एवढंच.)

'राहणे'चं 'असणे' कसं झालं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. "हल्ली कुठे असता?" असं विचारलं की आपण पत्ता सांगतो!

'वस्'चा आणखी जुना अर्थ रात्र काढणे. भाचीला हे सांगत होते, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "म्हणजे आमची वस्तीची गाडी! संध्याकाळी गावात यायची, रात्रभर थांबायची, पहाटे निघायची."

भाचीने वहीत 'वॉज'समोर एसटी काढली. चाकं जरा चौकोनी झालीत.