पार्श्वभूमी पुसणारा कॅमेरा

मराठीच्या पदवी परीक्षेची कोणतीही उत्तरपत्रिका उघडावी, तिच्यात 'सामाजिक व सांस्कृतिक पार्श्वभूमी' हे शब्द कुठे ना कुठे आढळतातच. ते आम्हीच शिकवलेले असतात. कादंबरी असो, ओवी असो वा अभंग, पार्श्वभूमी वगळून त्याचा विचार करू नये, हे वर्गात सांगण्यात आम्हा उभयतांची बरीच वर्षे गेली. आणि तरीही मराठी विभागांनी अलीकडे लोककलावंतांची, कीर्तनकारांची, वयोवृद्ध लेखकांची जी चित्रीकरणे केली आहेत, त्यांतील आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेकांत सर्वप्रथम नाहीशी झालेली गोष्ट कोणती असेल, तर ती पार्श्वभूमीच. चेहरा लख्ख, पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतका स्पष्ट. आणि त्यामागचे देऊळ, ओसरी, भिंतीवरची तसबीर, दारात उभी असलेली सून, सारे काही लोण्यासारखे वितळलेले. या वितळण्याला 'सिनेमॅटिक' असे संबोधन आहे, आणि ते साधावे म्हणून महाविद्यालयांच्या खरेदी समित्या 'फुल-फ्रेम' कॅमेऱ्याचा आग्रह धरीत असतात. आमचे स्पष्ट मत असे, की वाङ्मयाच्या अभ्यासकाला जे नोंदवायचे आहे त्यासाठी हा कॅमेरा चुकीचा आहे, आणि ही चूक छायाचित्रकारांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आम्ही तंत्रज्ञ नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु शब्द तपासणे हा आमचा व्यवसाय आहे, तेव्हा सुरुवात शब्दांपासूनच करू. 'फुल-फ्रेम' म्हणजे पूर्ण चौकट. पूर्ण, पण कोणत्या मापाने? हा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. हे माप आले ऑस्कर बार्नाक यांच्या लायका कॅमेऱ्यातून, जो १९२५ साली बाजारात आला. त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फीत घेतली, ती उभी चालवण्याऐवजी आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी जागा एका छायाचित्राला दिली. म्हणजे ज्याला आज 'पूर्ण' म्हणतात ती सिनेमाच्या चौकटीची दुप्पट आहे. सिनेमाची स्वतःची चौकट त्याहून बरीच लहान, रुंदीला २२ ते २५ मिलिमीटर; आजच्या एपीएस-सी सेन्सरच्या आसपासची. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' असो की १९४१ सालचा 'सिटिझन केन', हे चित्रपट त्या लहान चौकटीवरच घडले. तेव्हा 'सिनेमासारखे दिसावे म्हणून फुल-फ्रेम' हे विधान ऐतिहासिकदृष्ट्या उलटे आहे. आणखी एक गंमत 'एक इंची' सेन्सरची. त्याची लांबी-रुंदी १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, कर्ण सुमारे १६ मिलिमीटर. इंच कुठेच नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास तेवढा असे, त्या नळ्या गेल्या आणि नाव मागे राहिले. भाषेत अशी नावे पुष्कळ राहतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 'पूर्ण' या शब्दाने बाकी सगळ्यांना अपूर्ण ठरवण्याबद्दल. कोटेशनच्या कागदावर हा शब्द आला, की समितीतील एकाही सदस्याला 'आपल्याला अपूर्ण चालेल' असे म्हणण्याचे धैर्य होत नाही.

ते आम्हालाही झाले नव्हते. २०१७ साली आमच्या विभागाने असा एक कॅमेरा घेतला. सोबत ८५ मिलिमीटरची, एफ १.८ची लेन्स. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली, हार घालून पूजाही झाली. पुढच्या वर्षी एका वृद्ध वारकरी कीर्तनकारांचे कीर्तन चित्रित करण्यास आम्ही तो घेऊन गेलो. बुवांच्या तोंडी परंपरेने आलेले काही पाठ छापील गाथेपेक्षा वेगळे होते, आणि ते कीर्तनाच्या ओघातच येत. समोर बसवून 'बुवा, तो चरण म्हणा' म्हटले, की ते छापील पाठच म्हणत. म्हणून हा सगळा खटाटोप. देवळात उजेड बेताचा होता, तेव्हा लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून ठेवले. तीन मीटरवरून या लेन्सने एफ १.८वर चित्रण केले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १३ सेंटीमीटरचा असतो. वारकरी कीर्तनकार १३ सेंटीमीटरांत उभा राहत नाही. तो पुढे येतो, मागे जाऊन टाळकऱ्यांच्या रांगेला टेकतो, विणेकऱ्याकडे वळतो. परिणामी बुवा कधी स्पष्ट, कधी अस्पष्ट; आणि मागचे टाळकरी, मृदंगी, विणेकरी हे संपूर्ण वेळ नुसते पांढरे ढग. वारकरी कीर्तनात अभंगाचा चरण बुवा उचलतात आणि टाळकरी तो पेलतात, पाठ टिकतो तो त्या पेलण्यात. कोण कोणाकडे पाहून चरण उचलतो, कोणाचा टाळ आधी थांबतो, बुवा अडले तर पुढचा शब्द कोण पुरवतो, यांपैकी काहीही आमच्या चित्रीकरणात नाही. ओळखू येतील असे चेहरेही नाहीत.

दुसरा घात अधिक मोठा होता. हा कॅमेरा २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत असे. कारण वाचून हसावे की रडावे कळेना: अर्धा तास वा अधिक चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपीय संघ व्हिडिओ कॅमेरा मानून अधिक आयातशुल्क लावत असे, म्हणून कंपन्यांनी छायाचित्रांच्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा घालून ठेवली. ब्रुसेल्सच्या जकातीने आमच्या जिल्ह्यातील कीर्तन तोडले. पहिल्यांदा कॅमेरा थांबला तेव्हा आमच्या विद्यार्थ्याला ते अकरा मिनिटे कळले नाही, आणि आम्ही ज्यासाठी गेलो होतो तो चरण त्या अकरा मिनिटांत आला. बुवा २०२० साली गेले. तो चरण आज उपलब्ध आहे तो मृदंगी काकांच्या मुलाने खांबाला टेकवून ठेवलेल्या फोनवर. त्या फोनच्या चित्रात बुवा लहान दिसतात, रंग पिवळट आहेत. पण टाळकऱ्यांची अख्खी रांग स्पष्ट आहे, आणि चरण कोणी पेलला तेही दिसते.

जकातीची ती मर्यादा नव्या कॅमेऱ्यांतून बहुतेक गेली, हे आम्हाला माहीत आहे. तिची जागा काही ठिकाणी तापण्याने घेतली. २०२० साली आलेल्या एका बहुचर्चित फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर उच्च प्रतीचे चित्रण वीसेक मिनिटांतच उष्णतेमुळे थांबे. पण हे दोष दुरुस्त होणारे आहेत. मूळ आक्षेप सेन्सरच्या आकाराविषयी आहे, आणि तो भूमितीचा असल्याने दुरुस्त होणारा नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे: 'मोठा सेन्सर अंधारात चांगला चालतो, आणि सगळे स्पष्ट हवे असेल तर अ‍ॅपर्चर लहान करा.' दोन्ही अर्धी वाक्ये स्वतंत्रपणे खरी आहेत. एकत्र केली की एकमेकांना खातात. मांडव वा देऊळ चौकटीत घ्यायचे म्हणून फुल-फ्रेमवर ३५ मिलिमीटरची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर एफ ४ ठेवले आणि तीन मीटरवर फोकस केला, तर सुमारे २.३ मीटरपासून सव्वाचार मीटरपर्यंत चित्र स्पष्ट राहते. बुवा मिळाले, टाळकरी कसेबसे, श्रोते गेले. तीच चौकट एक इंची सेन्सरवर घेतली, तर एफ ४वरच पावणेदोन मीटरपासून तेरा मीटरांपलीकडे सारे स्पष्ट. फुल-फ्रेमला एवढी खोली हवी असेल तर अ‍ॅपर्चर एफ ११पर्यंत मिटावे लागते, म्हणजे येणारा उजेड एक अष्टमांश होतो. आणि दोन सेन्सरांच्या क्षेत्रफळांतील फरक किती? सुमारे सातपट. जे मोठ्या क्षेत्रफळाने कमावले ते अ‍ॅपर्चर मिटण्यात गेले. हाती राहिला तो जड कॅमेरा, जड लेन्स आणि विभागाचे रिकामे अंदाजपत्रक. अंधारातला तो प्रसिद्ध फायदा ज्याला पार्श्वभूमी पुसूनच हवी आहे त्यालाच पुरता मिळतो. लग्नाच्या चित्रीकरणात तसे हवे असेल, जाहिरातीत हवे असेल. त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

आमचे भांडण आमच्याच लोकांशी आहे. चित्रपटाच्या समीक्षेत या विषयावरचा वाद जुना आहे, आणि तो आपण वर्गात शिकवतोही. 'सिटिझन केन'मधील ते दृश्य आठवावे: घरात आई कागदांवर सही करते आहे, आणि मागच्या खिडकीतून दूर बर्फात खेळणारे तिचे मूल दिसते आहे. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी दोन्ही प्रतले स्पष्ट ठेवली. मुलाचे भवितव्य पुढे ठरते आहे आणि ते मागे खेळते आहे. मागचे धूसर केले असते तर ते दृश्यच उरले नसते. आंद्रे बाझँ यांनी अशा चित्रणाची बाजू घेतली ती एवढ्यासाठी, की त्यात कुठे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो, आणि वास्तवाची संदिग्धता शाबूत राहते. वाचकाच्या स्वातंत्र्यावर शोधनिबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाने कॅमेरा हाती घेताच प्रेक्षकाची मान धरून ती एकाच चेहऱ्याकडे वळवावी, हे आम्हाला अनाकलनीय वाटते. जवळचे उदाहरण हवे असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पाहावा. न्यायालयाच्या त्या स्थिर, रुंद चौकटींत शाहिराइतकेच बाकावर ताटकळणारे लोकही दिसतात, आणि चित्रपटाचे म्हणणे त्या ताटकळण्यात आहे. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तून माळ धूसर करून नुसता मास्तर स्पष्ट ठेवावा, असे कोणी सुचवले तर आपण त्याला परीक्षेत किती गुण देऊ?

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण तर या संदर्भात फार बोलके आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी त्यांतील शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण केले. हे काम मुख्यतः कान आणि लेखणी यांचे होते आणि ते थोर आहे. त्यात आज चित्राची भर घालायची, तर ती कशासाठी? दोघींचे हात एकाच खुंट्यावर कसे पडतात, दाणे सोडताना ओळ कुठे थबकते, एकीने सोडलेली ओळ दुसरी कशी धरते, यासाठी. म्हणजे चेहरा, हात, जाते आणि शेजारीण एकाच वेळी स्पष्ट हवीत. अशा जागी एफ १.८ची चैन करणे म्हणजे ओवीतले निम्मे शब्द खोडून ती छापणे होय.

फोनच्या बाबतीत तर उलटी गंगा वाहते. फोनच्या इवल्या सेन्सरला खोलीभर स्पष्टता सहज साधते, म्हणून आता गणित करून ती खोटी धूसर केली जाते. आयफोनमध्ये २०२१ साली आलेल्या या सोयीचे नावच 'सिनेमॅटिक मोड'. आमच्या विद्यार्थ्यांनी एका शाहिरांची मुलाखत त्यावर घेतली, तेव्हा त्या गणिताने शाहिरांच्या हातातला डफ पार्श्वभूमीत जमा केला. असो.

मग घ्यावे काय? आमच्या मते एक इंची सेन्सरचा, एकाच पक्क्या झूम लेन्सचा, तासन्‌तास न थांबणारा साधा कॅमकॉर्डर. लेन्स बदलायच्याच असतील तर मायक्रो फोर थर्ड्‌स, म्हणजे १७.३ गुणिले १३ मिलिमीटर. अगदी काळोखी गाभाऱ्यात लहान सेन्सरच्या चित्रात दाणे दिसतील, हे मान्य. दाणेदार टाळकरी आम्हाला चालतील. शक्यतो पुजाऱ्यांच्या परवानगीने दोन दिवे अधिक लावावेत; आणि आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी व १/५० शटर ठेवावे, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. कॅमेरा कोऱ्या डब्यातून ३० चौकटींवर लावलेला आला, तर तो तसाच वापरण्याचा आळस आम्हीही केला आहे.

वाचलेले पैसे आवाजावर खर्च करावेत. खरेदी समितीच्या कागदांत माइक नेहमी शेवटच्या ओळीत आणि 'आवश्यक वाटल्यास' असा असतो. अभंगाच्या अभ्यासकांनी ध्वनीला दिलेले हे स्थान पाहून आम्हाला लाज वाटते. तीन मीटरवरच्या कॅमेऱ्यातला माइक बुवांऐवजी देवळाचा लाउडस्पीकर टिपतो. बुवांच्या उपरण्याला एक माइक, टाळकऱ्यांसाठी एक, आणि दोन्ही स्वतंत्र रेकॉर्डरवर; ३२-बिट फ्लोटवर नोंदवणारे रेकॉर्डर आता मिळतात, त्यांवर टाळांचा गजर सुरू झाला तरी रेकॉर्डरपाशी आवाज फाटत नाही. तसेच १०० मेगाबिटचे फोर-के चित्रण तासाला ४५ जीबी जागा घेते, म्हणजे दोन तासांचे एक कीर्तन ९० जीबी, आणि प्रती दोन हव्यात. हार्ड डिस्क ही किरकोळ खरेदी मानून पुढच्या वर्षावर ढकलू नये. आमच्या विभागात जागा करण्यासाठी जुनी फाइल पुसण्याचा प्रसंग आलेला आहे, आणि कोणती पुसायची यावर दोन प्राध्यापक दुपारभर भांडले आहेत.

यंदा पुन्हा खरेदीचे वर्ष आहे. समितीपुढे तीन कोटेशने आली आहेत आणि तिन्ही फुल-फ्रेमची आहेत. आम्ही चौथे जोडले आहे, आणि त्यासोबत खांबाला टेकवलेल्या त्या फोनवरची अकरा मिनिटे पेन ड्राइव्हवर दिली आहेत; बैठकीत आधी ती दाखवावीत, दर मागाहून वाचावेत, अशी लेखी विनंती केली आहे.