बोटाचं मशीन आणि मूत्राशयाची गाठ

करोनाने नंदुरबार जिल्ह्याला ऑक्सिजनची किंमत शिकवली. स्वतः डॉक्टर असलेले तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी दुसऱ्या लाटेआधीच ऑक्सिजन प्रकल्प उभारले. देशभर कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण त्या दिवसांनी एक समजूतही मागे ठेवली. मूत्राशयाच्या कॅन्सरचा रुग्ण केमो घेऊन जिल्ह्यातल्या रनाळ्यासारख्या गावी परतला, की 'घरी ऑक्सिजन लावा, औषध चांगलं लागू पडेल' असं सांगणारा भेटतोच.

या सल्ल्यामागे शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचं नाव उभं केलं जातं. ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगत नाही, हे सिद्ध केलं म्हणून त्यांना नोबेल मिळालं म्हणे! १९३१ चं ते नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमबद्दल होतं. ऑक्सिजन हजर असतानाही कॅन्सरच्या पेशी साखर आंबवतात, हे त्यांचं निरीक्षण खरं. पण त्यातून निघतं ते नेमकं उलट. ऑक्सिजन मिळाला म्हणून या पेशी मरत नाहीत.

राहिलं बोटाचं मशीन, म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती भरलंय, एवढंच ते सांगतं. आकडा ९८ असेल तर नळी लावून आणखी भरणार किती?

म्हणून ऑक्सिजनचा केमोशी संबंधच नाही, असं म्हणणारेही चुकतात. थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी १९५५ मध्येच दाखवलं, की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतक्या अंतरातच गाठीतला ऑक्सिजन संपतो. जिथे तो कमी पोचतो, तिथे औषधही कमीच पोचतं. शिवाय गुदमरलेल्या पेशीचं विभाजन मंदावतं. डीएनएची नवी प्रत तयार होताना घाव घालणारं जेमसायटाबिन हे केमोचं औषध अशा पेशीपुढे बोथट ठरतं. एचआयएफ नावाचं प्रथिन जागं होऊन तगून राहण्याची जनुकं चालू करतं, आणि सिसप्लॅटिन या दुसऱ्या औषधालाही दाद न देणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत दिसतात. पेशींना ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

मग गाठीला ऑक्सिजन देता येतो का? ब्रिटनमधल्या 'बीकॉन' चाचणीत मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशनच्या वेळी कार्बोजेन हा मुख्यतः ऑक्सिजनचा वायू आणि निकोटिनामाइड हे औषध दिलं. तीन वर्षांनी त्यांच्यातले ५९ टक्के जिवंत होते, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांतले ४६ टक्के. हा मोठाच पुरावा आहे. पण तो रेडिएशनचा, केमोचा नाही. आणि त्यातला वायू नेमक्या वेळी, देखरेखीखाली दिलेला, घरच्या सिलिंडरातला नव्हे. रक्त वाढवलं की काम झालं, हाही भाबडेपणाच. २००३ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत हिमोग्लोबिन वाढवणारं एरिथ्रोपोएटिन दिलं, तर हिमोग्लोबिन वाढलं आणि कॅन्सर मात्र कमी आटोक्यात राहिला.

तेव्हा रनाळ्यातल्या घराने सिलिंडरवर पैसा घालू नये. बिडी बंद करावी. मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं कारण तीच, आणि तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनमधली ऑक्सिजनची जागा अडवतो. गंमत अशी, की साधं बोटाचं मशीन ही चोरी पकडत नाही, आकडा चांगलाच दाखवतं. लघवीतून एकदा रक्त आलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी दुर्बिणीची तपासणी टाळू नये. या जिल्ह्यात सिकलसेल आहे आणि त्यानेही लघवीत रक्त येतं. पण विशेषतः उतारवयात, बिडी ओढणाऱ्या माणसाचं रक्त त्याच खात्यावर मांडून मोकळं होणं धोक्याचं. गाठ मूत्राशयाच्या अस्तरातच सापडली तर ती दुर्बिणीतून खरवडून काढता येते, आणि शिरेतून केमो देण्याची वेळ बहुधा येतच नाही.