दुकानाला कुलूप, फोन मात्र उघडा!

कापडाच्या धंद्यात तोंडच्या शब्दाला मोल आहे. सीताबर्डीच्या दुकानदाराने सुरतेला किंवा मालेगावला भाव विचारला, माल पसंत केला, की सौदा पक्का. पूर्वी हे बोलणे एसटीडी बूथच्या मीटरवर नजर ठेवून उरकावे लागे. १ एप्रिल २००२ पासून सरकारने देशात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी दिली. २०१५ साली व्हॉट्सॲपवर कॉलची सोय झाली, २०१६ साली व्हिडिओ कॉलची. आज थान उलगडून त्याचा पोत व्हिडिओवर दाखवता येतो. दलालाची फेरी वाचते, भाडे वाचते. ही सोय मोठीच आहे.

परंतु आमचे व्यापारी बांधव रात्री दुकानाच्या शटरला दोन कुलपे लावतात आणि ज्या फोनवर लाखाची उलाढाल चालते त्याचे सेटिंग मोबाईल दुकानातल्या पोराच्या हाती सोपवतात. हे बरोबर नाही. गल्ल्याची किल्ली आपण कोणाला देतो काय?

पुष्कळांची अडचण भाषेची आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी पडदा पाहून हात आखडतो. पण अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपची भाषा मराठी किंवा उर्दू करता येते. हे पहिले सेटिंग. पुढचे मग आपोआप वाचता येते.

दुसरे, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. सहा आकडी पिन आपण ठरवायचा आणि कोणालाही सांगायचा नाही. कोणी थाप मारून आपल्याकडून मेसेजने आलेला कोड काढून घेतला, तरी या पिनशिवाय आपले खाते त्याला त्याच्या फोनवर चालू करता येत नाही. तिसरे, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आठवड्यातून एकदा उघडून पाहावे. तिथे अनोळखी संगणक दिसला तर लगेच काढून टाकावा.

चौथ्या सेटिंगबाबत आमचे मत जरा वेगळे आहे. २०२३ साली अनोळखी नंबरची घंटी बंद ठेवण्याची सोय आली. सगळे सांगतात, ती चालू करा. घरच्या फोनवर, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या, ती जरूर करावी. पण दुकानाच्या फोनवर करून कसे चालेल? नवे गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरूनच येते. ज्या कारागिराला एका कॉलवर काम मिळते, त्याने घंटी बंद केली तर काम शेजारच्याकडे जाईल. म्हणून नंबर दोन ठेवावेत. दुकानाचा नंबर ‘व्हॉट्सॲप बिझनेस’वर, घंटी चालू. घरचा वेगळा, घंटी बंद. बँकेशी जोडलेला नंबर दुकानाच्या पाटीवर छापू नये.

मात्र सगळे काम सेटिंग करू शकत नाही. “आमचे खाते बदलले, पैसे या नंबरावर टाका,” असा कॉल आला तर फोन ठेवावा आणि आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर स्वतः फोन करून विचारावे. आवाज ओळखीचा वाटला तरीही. व्हिडिओ कॉलवर कोणी पडदा ‘शेअर’ करायला सांगितले तर करू नये, कारण बँकेचा ओटीपी आला की समोरच्यालाही दिसतो. पोलिसाचा पोशाख घालून ‘डिजिटल अटक’ करणारे कायद्याचे कोणीच नव्हेत. असे काही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितले होते. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नये, ताबडतोब १९३० वर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर.

सौदा कॉलवर ठरला तरी माल, भाव आणि मुदत दोन ओळींत लिहून समोरच्याला पाठवावी व त्याचा होकार घ्यावा. तोंडच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही, लिहिलेल्याचा उरतो.

बर्डीपासून गांधीबाग-इतवारीपर्यंत अनेकांची पत दोन-दोन पिढ्यांची आहे. आपल्या नावाने दुसऱ्याने फोन करून पार्टीला बुडवले, तर पैसा एकाचा जातो आणि नाव आपले जाते. तेव्हा या जुम्याला दुकान बंद असताना अर्धा तास काढा आणि हे सेटिंग स्वतःच्या हाताने करा.